विलासनौकांवरील नोकरभरती : उंबरठ्याशी थांबलेला कायदा

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. शेतमजुराला किमान वेतन मिळवून देण्याची लढाई जेथे अजून संपलेली नाही, घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्याची हक्काची सुटी मिळत नाही, तेथे भूमध्य समुद्रात विहार करणाऱ्या धनाढ्यांच्या नौकांवर माणसे कशी नेमली जातात याची चर्चा अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. तेव्हा त्याचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे.

विलासनौकेविषयी डाव्या चळवळीत जे बोलले जाते ते बहुधा तिच्या मालकाविषयी असते. नौकेची लांबी, तिच्यावरचा पोहण्याचा तलाव, हेलिकॉप्टर उतरण्याची जागा आणि मग जमिनीवरच्या दारिद्र्याशी तिची तुलना, एवढ्यावर भाषण संपते आणि टाळ्या पडतात. त्या तुलनेत खोटे काही नाही. परंतु त्याच नौकेच्या खालच्या मजल्यावर, पाण्याच्या पातळीलगतच्या अरुंद खोल्यांत, दोन-दोन माणसे एकावर एक अशा फळ्यांवर झोपतात. ती माणसे कोण, त्यांना कोणी निवडले, तेथवर पोहोचण्यासाठी त्यांनी काय मोजले आणि पगार थकला तर ती कोणाच्या दारात उभी राहणार, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. कामगार चळवळीला खरे स्वारस्य याच प्रश्नांत असले पाहिजे. कामगाराची ताकद पुष्कळदा कामाच्या जागी पोहोचण्यापूर्वी, भरतीच्या दारातच काढून घेतलेली असते. विलासनौका हे याचे आजच्या जगातील अत्यंत स्पष्ट असे उदाहरण होय. शिवाय मुंबई बंदर आणि कोकण-गोव्याचा किनारा यांचा या प्रश्नाशी शंभर वर्षांहून जुना संबंध आहे. तो पुढे येईलच.

अर्धा खलाशी, अर्धा घरगडी

प्रथम या नौकांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सामान्यतः २४ मीटर किंवा त्याहून अधिक लांबीच्या नौकेला 'सुपरयॉट' म्हणण्याचा प्रघात आहे. मालक केवळ स्वतःसाठी व आपल्या पाहुण्यांसाठी वापरतो ती खाजगी नौका. आठवड्याच्या भाड्याने दिली जाते ती व्यापारी किंवा 'चार्टर' नौका. बारांहून अधिक प्रवासी घेतले की प्रवासी जहाजांचे कडक सुरक्षा नियम लागू होतात. म्हणून भाड्याच्या बहुतेक नौका बारा पाहुण्यांवर थांबतात. पन्नास मीटरांच्या नौकेवर त्या बारा पाहुण्यांसाठी साधारणपणे तेवढेच कर्मचारी असतात. शंभर मीटरांच्या आसपासच्या नौकेवर ही संख्या चाळीस-पन्नासांच्या घरात जाते.

या कर्मचाऱ्यांत कप्तान, सुकाणूचे अधिकारी, इंजिनिअर, डेकवरचे खलाशी, स्वयंपाकी, आणि आतल्या दालनांची व्यवस्था पाहणारे स्ट्यूअर्ड व स्ट्यूअर्डेस असतात. डेकवरचा खलाशी दोरखंड आणि नांगर सांभाळतो. पण त्याच्या दिवसाचा मोठा भाग डेक गोड्या पाण्याने धुण्यात, पितळ व पोलाद घासण्यात आणि पाहुण्यांची खेळण्याची साधने पाण्यात सोडण्यात व काढण्यात जातो. आतली मुलगी अंथरुणे घालते, कपड्यांना इस्त्री करते, मेज मांडते, आणि शेवटचा पाहुणा झोपायला जाईपर्यंत जागी राहते. समुद्राची जोखीम आणि घरकामाची ताबेदारी या दोन्ही गोष्टी या नोकरीत एकत्र आल्या आहेत. विलासनौकेवरचा कर्मचारी हा अर्धा खलाशी आणि अर्धा घरगडी असतो. त्याच्या सर्व हलाखीचे मूळ या दुहेरी स्वरूपात आहे.

धक्क्यावरचा मजूरनाका

ही भरती होते कोठे? फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील आंतीब, स्पेनच्या मायोर्का बेटावरील पाल्मा आणि अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील फोर्ट लॉडरडेल ही तिची प्रमुख केंद्रे. भूमध्य समुद्रातील हंगाम मे ते सप्टेंबर असा असतो. हिवाळ्यात अनेक नौका कॅरिबियन बेटांकडे जातात. हंगामाच्या तोंडावर, मार्च-एप्रिलमध्ये, या गावांत शेकडो तरुण-तरुणी येऊन राहतात. कर्मचाऱ्यांसाठी चालविलेल्या खाणावळवजा वसतिगृहांत आठवड्याचे भाडे भरून त्यांचा मुक्काम पडतो. सकाळी लवकर उठून, स्वच्छ पांढरा सदरा घालून, हातात आपल्या माहितीपत्रकाचे गठ्ठे घेऊन ते धक्क्याधक्क्याने फिरतात आणि प्रत्येक नौकेच्या फळीशी उभे राहून 'काही काम आहे का' असे विचारतात. या फिरण्याला तेथे 'डॉकवॉकिंग' म्हणतात. आंतीबच्या पोर्त व्होबाँ बंदरातील ज्या धक्क्याशी सर्वांत मोठ्या नौका लागतात त्याला लोक 'अब्जाधीशांचा धक्का' म्हणूनच ओळखतात.

मुंबई-पुण्यातील कार्यकर्त्यांना हे चित्र अपरिचित नाही. सकाळी सातला नाक्यावर उभा राहणारा रंगारी, बिगारी आणि गवंडी यांच्यात आणि आंतीबच्या धक्क्यावरच्या तरुणात भाषेचा, कातडीच्या रंगाचा आणि कमाईचा फरक आहे. व्यवहाराचा फरक नाही. तेथेही प्रथम एक-दोन दिवसांच्या रोजंदारीवर काम मिळते. हात चांगला दिसला, स्वभाव रुचला, तर हंगामाची नोकरी पदरात पडते.

दुसरा मार्ग एजन्सीचा. एजन्सी अर्ज मागविते, प्रमाणपत्रे तपासते, मुलाखत घेते आणि कप्तानापुढे चार-पाच नावे ठेवते. तिचा मोबदला नौकामालक देतो. हे योग्यच आहे. पण निवडीचे निकष पाहिले तर ही भरती कोणत्या जातीची आहे ते कळते. माहितीपत्रकावर छायाचित्र अपेक्षित असते. वय, बांधा, दिसणे, दंडावर गोंदण आहे की नाही, यांचा विचार होतो. आणि सर्वांत वजन असते ते आधीच्या कप्तानाच्या शिफारशीला. ज्याने मागच्या नौकेवर विश्रांतीच्या तासांची नोंद खरी लिहिण्याचा आग्रह धरला, त्याची शिफारस कोण करणार? या धंद्यात काळ्या यादीची गरजच पडत नाही. कप्तानाचे मौन तेवढे पुरते. त्यातच मालकाच्या खाजगी जीवनाविषयी अवाक्षर न काढण्याचा करार बहुधा पहिल्याच दिवशी सही करून घेतलेला असतो. त्यामुळे ज्याच्यावर अन्याय झाला तोही दबक्या आवाजातच बोलतो.

या भरतीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो हेही पाहण्यासारखे आहे. समुद्रावर काम करण्यासाठी सुरक्षेचे प्राथमिक प्रशिक्षण, म्हणजे आग विझविणे, जीवरक्षण, प्रथमोपचार आदी, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घ्यावे लागते. वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र लागते. त्यावर प्रवासभाडे, व्हिसा आणि काम मिळेपर्यंतचा मुक्काम. एक रुपया मिळविण्यापूर्वी तरुणाने हे सारे भरलेले असते. म्हणजे धक्क्यावर तो उभा राहतो तो स्वतंत्र माणूस म्हणून नव्हे, कर्जदार म्हणून. कर्जदार माणूस अटी विचारीत नाही.

एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. या नोकरीत पैसा नाही असे नाही. कनिष्ठ पदावरही दरमहा अडीच-तीन हजार युरोंच्या आसपास पगार मिळतो. राहणे-जेवणे फुकट असते. भाड्याच्या नौकांवर पाहुण्यांची बक्षिसी मिळते ती वेगळी. अनेक कप्तान सचोटीचे असतात आणि अनेक नौकांवर नियम पाळले जातात. म्हणूनच तरुण तिकडे ओढले जातात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. प्रश्न असा आहे की, जे चांगले आहे ते मालकाच्या मर्जीने आहे की कामगाराच्या हक्काने? मर्जी फिरते, तेव्हा हातात काय उरते?

कायदा आला, पण दाराशी थांबला

खलाशांच्या भरतीतील दलाली ही जगातील जुनी कीड आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची स्थापना १९१९ साली झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९२० मध्ये, जिनोआ येथे केवळ समुद्रावरील कामगारांच्या प्रश्नांसाठी तिचे अधिवेशन भरले. तेथे संमत झालेल्या एका कराराने खलाशांना काम मिळवून देण्याचा धंदा नफ्यासाठी करता कामा नये आणि त्याबद्दल खलाशाकडून फी घेता कामा नये, हे तत्त्व मांडले. हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच मान्य झाले होते, हे विसरता कामा नये.

पुढे या विषयावरील अनेक करार एकत्र करून २००६ साली सागरी कामगार करार तयार झाला. तो २० ऑगस्ट २०१३ रोजी अंमलात आला. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. भरतीपुरते त्याचे सार असे : नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतीही फी घेता येणार नाही. वैद्यकीय दाखला, खलाशाचे नोंदपुस्तक, पासपोर्ट यांसारख्या स्वतःच्या कागदपत्रांचा खर्च काय तो त्याचा. व्हिसाचा खर्च मालकाचा. काळ्या याद्या ठेवता येणार नाहीत. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचण्याची व सल्ला घेण्याची संधी मिळाली पाहिजे आणि सही झालेली प्रत खलाशाच्या हाती असली पाहिजे. नोकरी संपल्यावर वा मालकाने वाऱ्यावर सोडल्यावर घरी परत पाठविण्याची जबाबदारी मालकाची. २०१४ च्या दुरुस्तीने, जी जानेवारी २०१७ पासून लागू झाली, त्यात आणखी मोलाची भर पडली. खलाशांना वाऱ्यावर सोडले गेले तर चार महिन्यांपर्यंतचे थकित वेतन आणि परतीचा खर्च भागविणारी विम्याची वा अन्य आर्थिक हमी प्रत्येक जहाजाने बाळगली पाहिजे आणि तिचा दाखला जहाजावर ठळक जागी लावला पाहिजे.

हा करारही परिपूर्ण नाही. आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, असा एक पर्याय त्यात आहे. आठवड्याचे तास १६८. म्हणजे उरलेले ९१ तास काम करवून घेतले तरी नियम मोडत नाही! आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोपासून मुंबईपर्यंत कामगारांनी रक्त सांडले, आणि समुद्रावर कायदा अजून तेरा तासांच्या दिवसाशी तडजोड करून बसला आहे.

परंतु विलासनौकांच्या बाबतीत याहून मोठी फट आहे. हा करार व्यापारी कामात असलेल्या जहाजांना लागू होतो. जी नौका भाड्याने दिली जात नाही, निव्वळ मालकाच्या करमणुकीसाठी आहे, ती सर्वसाधारणपणे त्याच्या कक्षेबाहेर राहते. काही राष्ट्रे आपल्या ध्वजाखालील खाजगी नौकांना काही नियम लावतात. पण ती त्या त्या राष्ट्राची खुशी. त्यात मालक एका देशाचा, नौकेची नोंदणी केमन बेटे, मार्शल बेटे किंवा माल्टा येथे, मालकी एखाद्या कागदी कंपनीच्या नावे, पगार देणारी कंपनी तिसऱ्याच बेटावर आणि कर्मचारी चार खंडांतून आलेले. पगार थकला तर नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवायची?

कायदा खाजगी नौकेवर का चढत नाही याचे कारण उघड आहे. तो तिला कामाची जागा मानीत नाही, घर मानतो. आणि घराच्या उंबरठ्याशी कायदा थांबतो, हा अनुभव तर येथल्या घरकामगार चळवळीला पुरेपूर आहे. भांडी घासणाऱ्या बाईच्या बाबतीतही 'हे तर खाजगी घर' असेच सांगितले गेले. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा होण्यास २००८ साल उजाडावे लागले. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली संमत झाला आणि ५ सप्टेंबर २०१३ रोजी अंमलात आला. सागरी करारानंतर अवघ्या पंधरवड्याने. भारताने सागरी करार मान्य केला, घरकामगारांचा केला नाही. खाजगी विलासनौकेवरचा माणूस या दोन करारांच्या मधल्या खाचेत पडला आहे. समुद्रावर आहे म्हणून तो घरकामगार नाही, आणि मालकाच्या घरात आहे म्हणून तो खलाशी नाही.

'इंडियन एम्प्रेस'चा धडा

हे सारे तात्त्विक वाटू नये म्हणून एक घडलेले उदाहरण पाहू. 'इंडियन एम्प्रेस' ही ९५ मीटर लांबीची नौका उद्योगपती विजय मल्ल्या यांची म्हणून जगभर ओळखली जात होती. तिची नोंदणी 'आईल ऑफ मॅन' येथे होती. मल्ल्या यांच्या किंगफिशर विमानसेवेने ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणे थांबविली, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे वेतन थकलेले होते. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देश सोडून गेले. सप्टेंबर २०१७ पासून नौकेवरच्या कर्मचाऱ्यांचेही पगार थकू लागले. ते चाळीसहून अधिक होते. त्यांत ब्रिटिश होते, पूर्व युरोपातले होते आणि भारतीयही होते. थकबाकी दहा लाख डॉलरांच्या वर गेली.

या कर्मचाऱ्यांपैकी अनेक जण 'नॉटिलस इंटरनॅशनल' या नाविकांच्या संघटनेचे सभासद होते. संघटनेने दोन मार्ग धरले. २०१४ च्या दुरुस्तीने सक्तीची केलेली आर्थिक हमी होती. तिच्या आधारे विमा कंपनीकडून सहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम वसूल झाली. उरलेल्या रकमेसाठी मार्च २०१८ मध्ये माल्टाच्या न्यायालयातून खुद्द नौकाच अटकावून ठेवण्यात आली. पहिल्या लिलावातील खरेदीदाराने पैसे भरले नाहीत. त्याच वर्षी पुन्हा लिलाव झाला आणि नौका साडेतीन कोटी युरोंना विकली गेली.

यातील भेद नीट समजून घेतला पाहिजे. मालक एकच. त्याच्या विमान कंपनीतील मुंबई-बंगलोरचे कर्मचारी मोर्चे काढून, अर्ज देऊन, वर्षानुवर्षे थकबाकी मागत राहिले. नौकेवरच्या चाळीस माणसांनी मात्र काही महिन्यांत मालकाच्या लाडक्या नौकेला साखळदंड घातला. त्यांच्याजवळ काय अधिक होते? तीन गोष्टी. एक, समुद्री कायद्याची अशी जुनी परंपरा की खलाशाच्या वेतनाचा बोजा जहाजावरच चढतो. मालक पळाला तरी जहाज ऋणको राहते. भारतातही २०१७ च्या नौअधिकरण कायद्याने अशा दाव्यांत वेतनाला अग्रक्रम दिला आहे. दोन, भरतीच्या वेळीच जोडलेली विम्याची हमी. आणि तीन, संघटनेचे सभासदत्व. पहिल्या दोन गोष्टी कायद्याने दिल्या होत्या. पण तिसरी नसती तर त्या कागदावरच राहिल्या असत्या.

उलट बाजूही पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियन धनिकांची मालमत्ता गोठविली. हँबुर्ग येथे दुरुस्तीसाठी असलेल्या 'दिलबर' या १५६ मीटरांच्या नौकेवरील शंभराच्या आसपास कर्मचाऱ्यांची नोकरी त्या मार्चमध्ये संपली. बंदी घातलेल्या मालकाचा पगार पोहोचविण्याचे मार्गच बंद झाले होते. मालकावर कारवाई व्हावी याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. पण मालमत्ता गोठविणाऱ्या कोणत्याही सरकारला, त्या मालमत्तेवर माणसे काम करीत आहेत हे प्रथम आठवले नाही. श्रीमंतांची संपत्ती जप्त होते तेव्हाही पहिला फटका चाकराला बसतो, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी विसरू नये.

मुंबईने हे पूर्वी पाहिले आहे

आता मुंबई बंदराकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे होते. भोजनगृहांत व स्वयंपाकघरांत गोव्याची माणसे होती. गोव्याच्या खलाशांचे मुंबईतील आसरे म्हणजे धोबी तलावाच्या परिसरातील गावोगावचे 'कूड'. एका खोलीत ट्रंका रचून, काम मिळेपर्यंत तेथे दिवस काढायचे. आजच्या आंतीबमधील वसतिगृहांचा हा थोरला भाऊच होय. भरती सारंग आणि दलाल यांच्या हाती होती. बोटीवर जागा पाहिजे तर दस्तुरी द्या. पैसे नसतील तर सावकाराकडून काढा आणि सफरीच्या पगारातून फेडा. एक सफर संपली की पुन्हा तोच पाढा.

१९२२ साली खलाशांच्या भरतीची चौकशी करण्यासाठी सरकारी समिती नेमावी लागली. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने, ज्याचे ना. म. जोशी हे एक सदस्य होते, या लाचखोरीची दखल घेतली. भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनी मुंबईच्या खलाशांत संघटना बांधीत असतानाच भारतातील सागरी कामगारांवर १९४० साली एक अभ्यासपूर्ण इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. या साऱ्यांची मागणी एकच होती : भरती दलालाच्या हातून काढा आणि नोंदवहीच्या स्वाधीन करा. स्वातंत्र्यानंतर मुंबई-कलकत्त्याला सरकारी खलाशी-नियोजन कार्यालये आली आणि पाळीनुसार काम देण्याची पद्धत सुरू झाली. तिच्यातही दोष होते. पाळी येईपर्यंत महिनोन् महिने घरी बसावे लागे. पण यादीतला क्रमांक विकत घ्यावा लागतो असे न मानणारी पहिली व्यवस्था म्हणून तिचे महत्त्व ऐतिहासिक आहे.

काळ बदलला. जहाजे परदेशी ध्वजांखाली गेली आणि भरती पुन्हा खाजगी एजन्सींच्या हाती आली. २००५ च्या नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांनी, अशा एजन्सींना मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा परवाना सक्तीचा केला व उमेदवाराकडून फी घेण्यास मनाई केली. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याची जागा घेणारा नवा कायदाही २०२५ साली संसदेने संमत केला. तरीही बिनपरवाना दलालांचा धंदा बंद झालेला नाही. नौवहन महासंचालनालयालाच त्यांच्याविरुद्ध पुनःपुन्हा इशारे द्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या माहितीप्रमाणे २०२४ साली जगात तीन हजारांहून अधिक खलाशी जहाजांवर वाऱ्यावर सोडले गेले आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

विलासनौकांच्या भरतीत भारतीय तरुण तर दुहेरी अडकतो. युरोपीय तरुण निदान स्वतःच्या पायांनी धक्क्यावर फिरू शकतो. भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसाशिवाय त्या धक्क्यावर पाऊलच टाकता येत नाही. साहजिकच तो मध्यस्थावर सर्वस्वी अवलंबून राहतो, आणि 'फ्रान्समधल्या यॉटवर नोकरी' हे शब्द रत्नागिरी-रायगडच्या घरात दागिने गहाण टाकायला पुरेसे होतात.

कार्यकर्त्यांचे काम

यावर कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रथम, किनाऱ्यावरील तालुक्यांत ही माहिती घरोघर पोहोचवावी. नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणारा माणूस, तो कितीही ओळखीचा असो, कायदा मोडीत असतो. एजन्सीचा परवाना क्रमांक मागावा आणि तो नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे की नाही हे सही करण्यापूर्वी पाहावे. नौका खाजगी की व्यापारी, तिचा ध्वज कोणता, करारावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे आणि आर्थिक हमीचा दाखला कोणत्या कंपनीचा, हे चार प्रश्न प्रत्येक तरुणाने विचारलेच पाहिजेत. ज्या एजन्सीला हे प्रश्न आवडत नाहीत, तिची नोकरी नाकारणे शहाणपणाचे. कराराची एक प्रत घरी ठेवून जावे. आणि घर सोडण्यापूर्वी नाविकांच्या संघटनेचे सभासद व्हावे. 'इंडियन एम्प्रेस'वर पगार ज्या संघटनेने मिळवून दिला ती संकट आल्यावर उभारलेली नव्हती.

दुसरे, मागण्या स्पष्ट ठेवल्या पाहिजेत. पगारी माणूस जेथे राबतो ती कामाची जागा, मग तिच्यावर मालक स्वतःच पाहुणा म्हणून राहत असो. म्हणून खाजगी नौकांनाही सागरी कामगार कराराखाली आणा. भारताने घरकामगारांच्या कराराला मान्यता द्यावी. मालमत्ता गोठविणाऱ्या प्रत्येक हुकमात कर्मचाऱ्यांच्या वेतनाची व परतीची तरतूद आधी असावी. सक्तीच्या प्रशिक्षणाचा खर्च, ज्याच्यासाठी ते प्रशिक्षण आहे त्या उद्योगाने उचलावा.

एक आक्षेप उरतो. काही साथी म्हणतील, समाजवाद्यांनी विलासनौकाच नकोत असे म्हणावे. तिच्यावरच्या चाकरांच्या अटी सुधारण्यात वेळ कशाला घालवावा? संपत्तीच्या अशा उधळपट्टीला समाजवादी समाजात स्थान नसेल, यात शंका नाही. पण तो समाज येईपर्यंत इस्त्री करणाऱ्या त्या मुलीने काय करावे, याचे उत्तर या आक्षेपात नाही. संस्थानिकांचे राजवाडे नकोत असे म्हणणाऱ्या चळवळीने राजवाड्यातील नोकरांना कधी शत्रू मानले नाही. गिरणीमालक नको म्हणणाऱ्यांनीच गिरणी कामगाराच्या बोनसासाठी संप केले. विषमतेविरुद्धचा लढा मालकाच्या नौकेची लांबी मोजून पुढे सरकत नाही. तिच्यावर राबणाऱ्या माणसाला मालकासमोर ताठ उभे राहता आले, तर सरकतो.

येत्या मार्चमध्ये आंतीबच्या धक्क्यावर पुन्हा पांढऱ्या सदऱ्यांची रांग लागेल. त्याच सुमारास कोकणातल्या एखाद्या गावी कोणी मध्यस्थ ओटीवर बसून पैशाचा आकडा सांगत असेल. त्या घरात त्याच्या आधी पक्षाचा कार्यकर्ता पोहोचला पाहिजे.